शेजारच्या माळ्यावरचा राउटर

वडिलांच्या भजनाच्या कॅसेटी मी संगणकावर उतरवून घेतल्या त्या प्रेमापोटी नव्हे, कपाट रिकामं करायचं होतं म्हणून. वडील भजनी बुवा होते. दोन बुवांच्या सामन्यात, डबलबारीला, उभे राहिले की समोरच्या बुवांना घाम फुटायचा, असं लालबागेत अजून सांगतात. तालीम आमच्याच खोलीत चालायची आणि मला नेमका तेव्हा अभ्यास असायचा, त्यामुळे माझं मत थोडं वेगळं आहे.

वडील जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या साथीला तीस वर्षं बसलेले पखवाजकाका गिरणी बंद झाल्यावर कणकवलीजवळ गावी जाऊन राहिले. यंदा त्यांच्या मुलाचा फोन आला. काकांचा एक कान गेलाय, दुसरा जाण्याच्या वाटेवर आहे, आणि कानाच्या यंत्राचाही फार उपयोग होणार नाही असं डॉक्टर म्हणतात. त्यांना बुवांचा आवाज एकदा नीट ऐकायचा आहे. "ताई, जमेल तितक्या लवकर बघा," तो म्हणाला.

मोबाइलवर एक तुकडा पाठवला, तो इतका दाबला गेला की काकांना नुसती खरखर ऐकू आली. कुरियरने पाठवलेला पेनड्राइव्ह तिकडे उघडलाच नाही. मुलाने कुठूनसा चांगला हेडफोन मिळवला होता, म्हणजे मूळ फायली जायला हव्यात, आणि त्या अवाढव्य. गावचं नेट तासातासाला तुटतं, आणि वेबसाइटवरून उतरवायला घेतलेली फाइल मग दर वेळी पहिल्यापासून सुरू होते. मग एकच मार्ग उरला, माझ्या संगणकावरून थेट त्याच्या संगणकावर, पिअर टू पिअर. त्यात फाइल तुकड्यातुकड्यांनी जाते, नेट तुटलं तर जिथे थांबली तिथून पुढे सुरू होते. अट एवढीच की दोघांपैकी एकापर्यंत तरी बाहेरून पोचता आलं पाहिजे. मुलाचं नेट मोबाइलचं, तिथे काही करता येत नव्हतं. म्हणजे दार माझ्या बाजूने उघडायचं होतं.

राउटर हा सोसायटीच्या वॉचमनसारखा असतो. आतून कोणी बोलावलं असेल तर पाहुण्याला सोडतो, आपणहून आलेल्याला परत पाठवतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्याला सांगून ठेवायचं की अमुक नंबर घेऊन कोणी आलं तर सरळ माझ्या संगणकाकडे पाठव. मी ऑफिसात दिवसभर संगणकावरच असते, तेव्हा हे काम तासाभराचं आहे असं मी मुलाला छातीठोकपणे सांगितलं.

त्यात आठ दिवस गेले. मी नंबर बदलले, राउटर पुसून नव्याने चालू केला, संगणकाचा फायरवॉल बंद करून पाहिला. पोर्ट उघडं आहे का हे सांगणारी वेबसाइट दर वेळी 'बंद' म्हणायची. रोज संध्याकाळी मुलाचा फोन यायचा आणि मी रोज "उद्या" म्हणायचे.

खरं तर कारण पहिल्याच दिवशी समोर होतं. माझ्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता म्हणून जो दिसत होता, तो बाहेरचा नव्हताच, घरातल्यासारखाच १९२ ने सुरू होणारा होता. म्हणजे माझ्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर होता. तो कुठे आहे हे मजल्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. केबलवाल्याने एकच लाइन आणली, ती शेजारच्या काकांच्या माळ्यावर, आणि तिथून गॅलरीतून सहा घरांना वायरी ओढल्या. खरं दार त्यांच्या घरात होतं. मी आठ दिवस स्वयंपाकघराच्या कडीला तेल घालत बसले होते.

शेजारच्या घराशी आमचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. काकांची आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा त्यांनी वडिलांना तालीम थांबवायला सांगितलं होतं. वडील म्हणाले, देवाचं नाव आहे. ती आजी त्याच महिन्यात गेली. तेव्हापासून गणपतीचा प्रसादसुद्धा आमच्याकडून त्यांच्याकडे तिसऱ्या घरामार्फत जातो. वायफायची लाइन आली तेव्हा तिचा निरोपही तिसऱ्याच घराने आणला होता. या वेळीही मी तिसऱ्या घरी जाऊन पाहिलं. तिथल्या काकू म्हणाल्या, प्रसाद नेऊ शकते, हे नाही बाई जमणार.

नवव्या दिवशी मी शेजारचं दार वाजवलं. काकांनी उघडलं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं सांगितलं, कानाचं, फायलींचं, पोर्टचं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे ते भजन आता माझ्याच घरातून जाणार," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"तेव्हा भिंतीवर हात आपटून आपटून माझा हात सुजायचा. तुझे बाबा थांबले नाहीत." मग वर माळ्याकडे बघत म्हणाले, "पखवाजवाल्याचा काय दोष? शिडी आण."

मी माळ्यावर चढले, ते शिडी धरून खाली उभे राहिले. त्यांच्या राउटरच्या पाठीवरचा पासवर्ड घेऊन त्यातून माझ्या राउटरकडे वाट काढून दिली, माझ्याकडून संगणकाकडे ती होतीच. पाच मिनिटांचं काम. वेबसाइट 'उघडं' म्हणाली तेव्हा मला आनंद झाला नाही, लाज वाटली.

फायली पोचायला अडीच दिवस लागले. पखवाजकाकांच्या मुलाने फोन केला. काकांनी हेडफोन लावला आणि लगेच मांडीवर बोटं चालायला लागली, म्हणाला. मी विचारलं, आवाज कसा वाटला त्यांना? तो म्हणाला, मागच्या आठवड्यापर्यंत त्यांना वरचे सूर थोडे कळायचे, आता फक्त खर्जाचं ऐकू येतं. त्यांना स्वतःचा पखवाज ऐकू येत होता. बुवा येत नव्हते. दोन अभंग झाल्यावर त्यांनी मुलाला विचारलं होतं, "बुवा गप कित्याक रे?"

मागचा आठवडा कुणी घालवला हे त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं.

मुलाने त्यांना पाटीवर लिहून दाखवलं की बुवा गातायत, तुम्हाला ऐकू येत नाहीये. काकांनी ते वाचलं, पण हेडफोन काढला नाही.

"असांदे," ते म्हणाले. "ठेक्यार कळता बुवा खय पोचले ते."