चौतीस फूट छत्तीस इंच

सव्वीस वर्षं मी लातूरच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढले. माझ्यापुरतं ते डाव्या हाताचं काम होतं. उजव्या हातात माऊस असायचा, पण तो नुसती जागा दाखवायचा. काय करायचं ते डावा सांगायचा. रेषेला एल, समांतर रेषेला ओ, जास्तीचं कापायला टी-आर, आणि प्रत्येकाच्या मागं अंगठ्यानं स्पेस. नऊ इंची भिंत हवी तर ओ, स्पेस, नऊ, स्पेस. हे मी नांदेडच्या एका क्लासमध्ये शिकलो. तिथं सहा जणांत एक कंप्युटर होता, म्हणून आपली पाळी येईपर्यंत मांडीवर बोटं आपटत सराव करायचो. ती सवय राहिली. जेवताना ताटाच्या काठावर बोटं चालायला लागली की बायको म्हणते, "झालं का घर बांधून? भाकरी गार होऊन राहिली."

मागच्या उन्हाळ्यात सरांनी नवीन सॉफ्टवेअर घेतलं. त्यात टाइप करायचं जवळजवळ काही नाही. वर बटणांची पट्टी, उजवीकडे सेटिंगची पट्टी. भिंतीचं बटण दाबायचं, जाडी यादीतून निवडायची, की भिंत उभी. दार ठेवलं की भिंत आपोआप कापली जाते. खोटं कशाला बोलू, सोय चांगली आहे. जुन्या पद्धतीनं एका दाराला मला अकरा वेळा बोट मारावं लागायचं, इथं दोन क्लिकमध्ये होतं. फक्त ते बटण कुठं आहे हे शोधायला मला चाळीस सेकंद लागायचे. भिंत निवडली की पट्टी एक, दार निवडलं की दुसरी. ओळखीच्या गल्लीतली दुकानं कुणी रोज हलवून ठेवावीत तसं वाटायचं. संध्याकाळी डोळे चुरचुरायचे आणि डावा हात टेबलावर बिनकामाचा पडलेला असायचा.

ऑफिसात माझ्याशिवाय एक नांदेडची इंजिनीअर मुलगी होती, माझ्या थोरल्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. मला शिकवायचं काम तिच्याकडं. मी सवयीनं एल दाबला की स्क्रीनवर काहीतरी भलतंच उघडायचं आणि ती हसायची.

"काका, तुम्ही त्याला शिकवून राहिले की ते तुम्हाला?"

"मी त्याला सांगतोय, ते ऐकत नाही."

"त्याला सांगायचं नसतं काका. त्यात काय काय आहे ते बघायचं, आन् त्यातलं निवडायचं."

एका सोमवारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहेत, मला भाऊ म्हणतात. ते म्हणाले, "भाऊ, चाकूरच्या सिस्टरबाईंचं घर तुम्ही एकट्यानं नवीनवर करा. जमलं तर तुमची खुर्ची तुमची. नाही जमलं तर साइटची मापं तुम्ही घ्या, ड्रॉइंग ती करेल. पगारात फरक नाही." ते रागावून बोलले नव्हते. पण साइटची मापं म्हणजे चाकूर, मुरुड, उदगीर असं मोटारसायकलवर फिरणं, उन्हात टेप धरून वाकणं. माझं वय बावन्न, उजवा गुडघा दुखरा, आणि दोन जिने चढले तरी मी कठडा धरतो. मला खुर्ची हवी होती.

चाकूरचं घर एका निवृत्त नर्सबाईंचं. गावात त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणतात. घराच्या लांबीत तीन खोल्या हव्या होत्या. बसायची खोली बारा फूट सहा इंच, जिन्याची दहा फूट अकरा इंच, स्वयंपाकघर नऊ फूट चार इंच. भिंती धरून बरोबर पस्तीस फूट. मी वहीत आकडे आमच्याकडच्या रिवाजानं लिहिले: १२.६, १०.११, ९.४. आमच्याकडं मिस्त्री, ठेकेदार, लाकूडवाला सगळे असंच लिहितात. मधलं टिंब म्हणजे अलीकडं फूट, पलीकडं इंच. बोलतानाही दहा अकरा म्हणतात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मी वहीतलं टिंब बघायचो आणि बोटं आपोआप फुटाचं चिन्ह मारायची. हा बदल आपण करतो हेही मला कधी जाणवलं नव्हतं.

नवीन सॉफ्टवेअरच्या माप टाकायच्या चौकटीत मी दहा, फुटाचं चिन्ह, अकरा असं टाकलं तर चौकट लाल झाली. आदल्या आठवड्यात त्या मुलीनं एका प्लॉटच्या कामासाठी सेटिंग फूट-इंचावरून दशांश फुटावर नेलं होतं, ते तसंच राहिलं होतं. मला ते कळलं नाही. दोनदा टाकलं, दोनदा लाल. तिला विचारायचं होतं, पण त्या दिवशी मी तिला आधीच पाच वेळा विचारलं होतं. म्हणून वहीत होतं तसं टिंब देऊन टाकलं, १०.११. चौकटीनं मुकाट्यानं घेतलं. नकाशावरही १०.११ उमटलं. वहीत तेच, स्क्रीनवर तेच. मी पेन्सिलीनं खूण केली आणि पुढच्या खोलीकडं गेलो.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. सव्वीस वर्षांत मी प्रत्येक नकाशाची मापं कागदावर हातानं बेरीज करून एकूण लांबीशी ताडून बघितली होती. इथं एकूण लांबी आपोआप छापून येत होती. ती मोजायची गोष्ट आहे असं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मी थकलो होतो.

आखणीच्या दिवशी मी आणि ती मुलगी चाकूरला गेलो. मिस्त्री उदगीरचे, वयानं माझ्याएवढेच, त्यांच्या घरात तीन पिढ्यांचं बांधकाम. त्यांनी नकाशा विटांच्या ढिगावर पसरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मापांवरून बोट फिरवलं.

"साब, हे चौतीस फूट छत्तीस इंच काय हाय?"

"कुठं?"

"हे काय, लांबीला. चौतीस पॉइंट छत्तीस. छत्तीस इंच म्हणजे तीन फूट. मग सरळ सदतीस लिवा की! आन् ह्या तीन खोल्या भिंतीसकट जोडल्या तर पस्तीस व्हायलेत. आता मी चौतीस धरू, पस्तीस धरू का सदतीस?"

सिस्टरबाई छत्री घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पस्तीस म्हणून सांगितलं होतं दादा मला. नोकरीत मी औषधाचा एक थेंब चुकू दिला न्हाई, आन् तुम्ही फूटच चुकून राहिले?"

मी खिशातलं कागदी पाकीट काढून त्याच्या पाठीवर हिशेब मांडला. कंप्युटरनं १०.११ म्हणजे दहा फूट आणि एका फुटाचा नववा भागही नाही असं धरलं होतं. तो जेमतेम सव्वा इंच. दहा अकराच्या ठिकाणी दहा फूट सव्वा इंच. बाकीच्या दोन खोल्या मिळून दोन इंच वाढल्या होत्या. सगळं मिळून घर पावणेआठ इंचांनी आखूड. कागदावर आकडे बरोबर दिसत होते आणि आतलं घर चुकीचं होतं. जिन्याची एक पायरी त्या घरात बसतच नव्हती.

खड्ड्यांसाठी जेसीबी येऊन उभा होता. त्याला परत पाठवावं लागलं. मी सरांना फोन लावला, स्पीकर चालू केला.

"युनिटचं सेटिंग कुणी हलवलं होतं?" सरांनी पहिलं तेच विचारलं.

ती मुलगी म्हणाली, "सर, ते माझ्याकडून राहिलं..." तिचा चेहरा उतरला होता. नोकरीला लागून तिला आठच महिने झाले होते.

गप्प राहिलो असतो तर खुर्ची राहिली असती. हे मला तेव्हाही स्पष्ट दिसत होतं. सेटिंग तिचं होतं, हेही खरं. पण चौकट दोनदा लाल झाली होती आणि ती माझ्यासमोर झाली होती.

"सर, तिनं सेटिंग बदललं होतं, पण टिंब मी दिलं. चिन्ह घेत नव्हतं म्हणून दिलं. आणि बेरीज केली नाही."

"तुम्ही बेरीज केली नाही?" सरांना तेवढ्याचंच नवल वाटलेलं दिसलं.

"नाही केली."

"बरं," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

मिस्त्रींनी आखणीसाठी चुन्याची फक्की टाकली, पस्तीस फूट धरून. मी टेपचं एक टोक धरून वाकलो होतो. ते म्हणाले, "गुडघ्याला तेल लावा साब. आता लागणार हाय."

पुढच्या सोमवारी माझ्या टेबलावर शंभर फुटी टेप ठेवलेली होती. मी ती उचलून पिशवीत टाकली. मुलगी स्क्रीनकडं बघत राहिली.

आता मी मापं घेतो. आठवड्यातले चार दिवस मोटारसायकलवर जातात. संध्याकाळी गुडघा सुजतो, बायको गरम पाण्याची पिशवी करून देते. वहीत मी टिंब बंद केलंय. फुटाला आकड्याच्या वर एक बारकी रेघ, इंचाला दोन. मिस्त्री लोक वही बघून म्हणतात, हे काय मुंग्या चालल्यासारखं लिहिलंय. प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज असते, ती साइटवरच, सावली मिळेल तिथं बसून करतो.

परवा मुरुडहून वहीचा फोटो पाठवला आणि पाच मिनिटांत तिचा फोन आला.

"काका, लांबी अडतीस तीन?"

"अडतीस फूट, तीन इंच."

"मी पण हातानं बेरीज केली. मला अडतीस दोन येऊन राहिलं."

"मधल्या भिंती साडेचार इंचाच्या धर. तू चारच्या धरल्या असशील. दोन भिंती आहेत."

तिकडं जरा वेळ पेन्सिलीचा आवाज आला.

"हाव काका. तीन."

मी टेप गुंडाळली. पूर्ण शंभर फूट सोडलेली होती, गुंडाळायला वेळ लागला.