म्हाताऱ्या कॅचरचे फोन

अमेरिकेतल्या एडिसन गावच्या लायब्ररीत मी काउंटरवर बसते. तिथं एक उंच, वाकलेले आजोबा रोज सकाळी यायचे. तरुणपणी ते व्यावसायिक बेसबॉल खेळायचे, कॅचर म्हणून. पिचरनं जोरात फेकलेले चेंडू झेलून झेलून त्यांची बोटं वेडीवाकडी झाली होती, म्हणून कॉम्प्युटरचा माउस मीच धरायचे.

"बघ गं, आज कोण गेलं," म्हणत ते मला जुन्या खेळाडूंच्या निधनाच्या बातम्या काढायला लावायचे. मग नंबर शोधून त्या घरी फोन करायचे. "तुमच्या वडिलांना मी एकदा खेळताना पाहिलंय," असं सांगून तो सामना रंगवून सांगायचे. आवाज कधी कापायचा नाही.

मार्चमध्ये त्यांच्याच टीमचा पिचर गेला. चार वर्षं त्याचेच चेंडू यांनी झेलले होते. त्याच्या बायकोनं फोन उचलला आणि आजोबांना शब्दच फुटेना. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

मी गडबडले. म्हणाले, "मॅडम, तुमच्या मिस्टरांना मी कधी पाहिलं नाही. पण त्यांचे कॅचर इथं माझ्याशेजारी बसलेत. त्यांना बोलता येत नाहीये, रडतायत."



"फोन त्यांच्या कानाला लाव," ती पलीकडून म्हणाली. "बोलू नका म्हणावं. मीही रडतेच आहे."

मी लावला. काउंटरपाशी रांग वाढत होती, तरी मी तो फोन तसाच धरून उभी राहिले.