उताऱ्यात आहे तेवढंच

एमबीएच्या प्रवेश परीक्षेत माझं गणित झकास, पण इंग्रजीच्या उताऱ्यांवर मी दरवेळी माती खायचे. शब्द अडायचे नाहीत, ते मी घोकून घोकून पाठ केले होते. अडायचे ती मीच. उतारा वाचता वाचता लेखकाशी भांडायलाच लागायचे!

पहिला प्रयत्न वाया गेला होता. हा दुसरा आणि शेवटचा, असं घरी ठरलेलं. नाही जमलं तर अंबडच्या कंपनीतलं बिलं चढवायचं काम कायमचं गळ्यात. कॉलेज रोडच्या क्लासमध्ये माझा पाय बाकाखाली सारखा हलत असायचा. शेजारची पोरगी वैतागून म्हणायची, "अगं, शिलाई मशीन आहेस का तू?"

एकदा सरांनी उतारा दिला, छोटे शेतकरी भाजी स्वस्तात का विकतात यावर. लेखकाचं म्हणणं, त्यांना बाजारभावाची माहितीच नसते. मी पर्याय निवडला, 'माल टिकत नाही म्हणून'. चूक.

"लेखक असं कुठे म्हणतो?" सरांनी विचारलं.

"नाही म्हणत. पण खरं तेच आहे, सर. मखमलाबादला आमची कोथिंबीर असते. भाव माझ्या वडिलांना तोंडपाठ. पण लिलावात भाव पडला म्हणून जुड्या घरी आणून करायचं काय? संध्याकाळपर्यंत माना टाकतात त्या."

"खरं काय ते तुला कुणी विचारलंय? उताऱ्यात आहे तेवढंच सांग."

अशी तिडीक गेली डोक्यात! पण सरांचं चुकत नव्हतं, वैताग त्याचाच होता. मग मी रोज गप्प बसायचा सराव केला. मनातलं दाबायचं, लेखकाचं ऐकायचं, खूण करायची, पुढे. मार्क वाढायला लागले.

परीक्षेत नेमका परदेशातल्या फुलं पिकवणाऱ्यांवर उतारा आला. तेच रडगाणं, भाव माहीत नसतो म्हणून स्वस्तात विकतात. हात खऱ्या पर्यायाकडे गेला, थांबला, मागे आला. मी 'माहितीचा अभाव' निवडलं.

बाहेर वडील, आमचे नाना, टेम्पो घेऊन उभे होते. मार्केटला माल टाकून थेट आले होते.

"काय इचारलं गं?"

"शेतकरी माल स्वस्तात का विकतात."

नाना खदखदून हसले. "हात्तिच्या! हे तर तुला लय सोपं. मग काय लिहिलं?"

खोटं बोलता आलं असतं. जीभ वळली नाही. "लिहिलं, त्यांना भाव माहीत नसतो म्हणून."

"आपल्याला माहीत नाय?"

"उताऱ्यात तसं होतं, नाना. तसंच लिहावं लागतं, नाहीतर मार्क जातात."

ते स्टिअरिंगवरची वाळलेली माती नखानं खरवडत राहिले. मग म्हणाले, "मार्क मिळत्यात ना? मग बरोबर केलंस. पण उद्या मोठी साहेब झालीस आन् कुणी खरं इचारलं, तर हे सांगू नको."

त्यांनी टेम्पो सुरू केला. पेपर चांगला गेला होता, हे मला पक्कं माहीत होतं. आणि त्याचाच राग येत होता.