साहेबांचा सत्कार

मित्रांनो, आज अन्नपूर्णा भागातल्या आमच्या मराठी मंडळात एका पोलिस अधिकाऱ्याचा सत्कार होता. माइक माझ्याकडे. पाहुण्याला शाल सगळ्यात वयस्कर सभासदानं द्यायची, हा आमचा रिवाज. सवयीनं मी नानांचं नाव पुकारलं.

नानांचा मुलगा संजू वकील होता, कोठडीतल्या मारहाणीच्या केसेस लढायचा. सांवेर रोडवर त्याला गोळ्या घातल्या. याच साहेबांनी ‘पुरावा नाही’ म्हणून तपास गुंडाळला.

शाल हातात घेऊन नानांनी विचारलं, “साहेब, माझ्या संजूला कोणी मारलं?”

मी घाबरून माइकवर ओरडलो, “जोरदार टाळ्या!”

अरे भिया, सगळ्यांनी वाजवल्या. नाना शाल खुर्चीवर ठेवून निघून गेले.

आता त्यांच्या दारासमोर गाडीत बसलोय. बेल दाबायची हिंमत होत नाहीये. तुम्हीच सांगा, आत जाऊन काय बोलू?