इस्त्री केलेले मास्क

दुपारच्या जेवणानंतर सिद्दप्पा खोकायला लागला आणि सँडिंगची तिन्ही मशिनं एकामागून एक बंद झाली. माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. साथ चालू होती. त्या दिवसांत खोकल्याला एकच अर्थ होता.

मैसूरच्या एका शिसवी जडावकामाच्या वर्कशॉपात मी प्रॉडक्शन आणि सेफ्टी दोन्ही बघते. जडावकाम म्हणजे शिसवी लाकडात रंगीत लाकडाचे तुकडे बसवून चित्र करणं. शेवटी ते पॅनेल मशीनने घासून गुळगुळीत करतात, ते सँडिंग. शिसवीची धूळ मैद्यासारखी बारीक. छातीत बसली की दमा मागे लागतो. म्हणून साथीच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे एन-९५ मास्क होते. साथ आली आणि डीलरने फोन उचलणं सोडलं. सगळा माल हॉस्पिटलांना जात होता, त्यामुळे तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार?

उरले बारा वापरलेले, घडीचे मास्क. इलॅस्टिक सैल झालेलं. विजयनगरात माझ्या घराजवळ पांडुरंगरावांचं टेलरिंगचं दुकान आहे. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं, मराठीत निम्मं कन्नड. मी सांगलीहून आलेली, पण आमचं छान जमतं.

"काका, एवढं इलॅस्टिक बदलून द्या."

"बाराच आहेत की, ताई. नाळे या," म्हणजे उद्या या.

दुसऱ्या दिवशी मास्क हातात आले ते पांढरेशुभ्र. साबणाचा वास, कडक घडी. मी इतकी खूश झाले की अक्कल गहाण टाकली. स्वतःच्या हाताने ते सँडिंगवाल्यांना वाटले.

आणि त्याच दुपारी हा खोकला.

"मॅडम, तो पॉझिटिव्ह निघाला तर युनिट सील होईल," मालक म्हणाले.

"सर, ताप नाहीये त्याला."

"मग झालंय काय?"

"माहीत नाही, सर."

खरंच माहीत नव्हतं. धूळ म्हणावी तर तोंडावर नवाकोरा दिसणारा मास्क. धूळ नाही म्हणावी तर मग तोच रोग. सिद्दप्पाची टेस्ट करून त्याला घरी पाठवलं. तीस वर्षं काम केलेला माणूस, कुणाकडे न बघता खाली मान घालून गेला. घरात दोन महिन्यांचं नातवंड, म्हणून तो बाहेर पडवीत झोपला. शेजाऱ्यांनी त्याच्या दारावरून जाणं सोडलं. दुसऱ्या दिवशी मशिनं परत सुरू केली, तर आणखी दोघे खोकू लागले. मला काही सुचेना.

संध्याकाळी कापडी मास्क शिवायला सांगावेत म्हणून दुकानात गेले. पांडुरंगराव इस्त्री करत होते.

"मास्क बरे झाले ना, ताई? सोप लावून दोनदा धुतलं. वर कापड टाकून इस्त्री मारली. आमच्या दुकानातनं मळकं काही बाहेर जात नाही, अष्टे," म्हणजे एवढंच.

एन-९५ च्या मधल्या थरात विजेचा भार असतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तसा तो थर बारीक धूळ पकडून ठेवतो. साबणाने आणि इस्त्रीने तो भार जातो. मास्क दिसतो तसाच, काम मात्र करत नाही. हे मला माहीत होतं. काकांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

मी तिथूनच मालकांना फोन करून मशिनं बंद ठेवायला सांगितली.

"म्हणजे त्याला रोग नाही ना?" मालकांनी विचारलं.

"तेही सांगता येत नाही, सर. दोन्ही असू शकतं."

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी सिद्दप्पाच्या घरी गेले. तो पडवीतच बसला होता. शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, की ही धूळ होती आणि चूक माझी. लाज वाटत होती, पण हळू बोलून चालणार नव्हतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आता आत जाऊ?" एवढंच विचारलं आणि हात धुवायला उठला. मला रडू आलं.

नवे मास्क येईपर्यंत मशिनं बंदच राहिली. सिद्दप्पा जुन्या पद्धतीने पोलादी पट्टीने पॅनेल खरवडायचा. त्यात धूळ उडत नाही, नुसता कीस पडतो. ऑर्डर उशिरा गेली. मालक कुरकुरले, पण थांबले.

त्या बारांतला एक मास्क मी ड्रॉवरमध्ये ठेवलाय. नवीन माणूस कामाला आला की नव्या मास्कांच्या शेजारी तो ठेवते आणि यातला कुठला घालशील म्हणून विचारते. आजवर प्रत्येकाने तोच उचललाय. मीही तोच वाटला होता.