छपरी वेगळी केली तेव्हा

माझं वेल्डिंग किती पक्कं आहे ते मला बांदीत उभं राहून कळलं. वादळाने मोठ्या मायच्या घराचं छप्पर उचललं, रस्त्यावरून पलीकडे नेलं आणि धानाच्या मोकळ्या बांदीत, म्हणजे खाचरात, ठेवलं. अख्खं. पाइपांचा सांगाडा, टिनाचे पत्रे, पुढच्या ओसरीवरची आठ फुटांची छपरी, सगळं एकमेकांना धरून होतं. मी त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या. एकही सांधा सुटला नव्हता. कुणालाही अभिमान वाटावा असं काम होतं, फक्त ते घरावर नव्हतं.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा गेल्यापासून ती एकटीच राहायची. एकुलती एक मुलगी नागपूरला. घरावर कवेलू, म्हणजे कौलं, होते आणि ते दरवर्षी फेरावे लागायचे, म्हणून मीच हट्ट धरला की टिनाचं छप्पर करून देतो. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकून मी रस्त्याला दुकान टाकलं होतं, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी समजूत होती. पाइपांची टोकं भिंतीच्या वरच्या दोन विटांत सिमेंटने बसवली. त्यावर पत्रे. आणि पत्र्यांवर, आमच्याकडे सगळेच ठेवतात तसे, गोटे. एकट्याला उचलणार नाहीत असे दगड, आणि त्यांच्या जोडीला फुटक्या जात्याची तळी. वावधन आलं, म्हणजे वादळ आलं, की छप्पर वजनाने दबून राहील, अशी आमची सगळ्यांची खात्री. आजही कितीतरी घरं याच खात्रीवर झोपतात.

ती तळी नेमकी मोठ्या मायच्या खाटेवर पडली. दुपारची वेळ होती. आभाळ आलेलं पाहून ती वाळत घातलेलं उन्हाळी धान गोळा करायला बाहेर धावली होती, म्हणून वाचली. परत आली तेव्हा घराला छप्पर नव्हतं आणि खाट मधोमध मोडलेली होती. ती रडली नाही. मोडक्या खाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला तोंड कुठे लपवावं ते सुचेना.

आमच्या मोहल्ल्यातली निम्मी घरं उघडी पडली होती. विहाराला पक्का स्लॅब आहे, म्हणून सगळे विहारात गेलो. एकाच मोठ्या गंजात भात शिजायचा. गावातल्या शेतकरी मोहल्ल्यातून तांदळाचं पोतं आलं, वांगी आली, आणि रस्त्यात आडवी पडलेली झाडं ओढायला एक ट्रॅक्टर आला. एरवी ज्यांच्याशी बांधावरून भांडण होतं तेच ट्रॅक्टर घेऊन आले होते. कुणी त्याचा विषय काढला नाही. आठवडाभरात ज्याला जसं जमलं तसं त्याने घर झाकलं आणि माणसं परत गेली. मोठी माय मात्र गेली नाही.

विहाराच्या एका कोपऱ्यात तिची लोखंडी पेटी आणि चटई. पहाटे उठून ती फरशी पुसायची, मेणबत्ती लावायची, वंदनेला लोक यायच्या आत पेटीवर चादर टाकून ठेवायची, जणू तिथे कुणी राहतच नाही. ती लपवालपवी मला पाहवायची नाही. जन्मभर स्वतःच्या चुलीवर दहा माणसांचं रांधणारी बाई.

मुलीने फोनवर नागपूरला बोलावलं. हिचं उत्तर ठरलेलं. "तिथं तिसऱ्या मजल्यावर काय करू? भिताडं पाहत बसू?"

"मंग आपल्या घरी चाल ना," मी म्हणालो. "मी छप्पर पुन्हा बसवून देतो. यावेळी गोटे दुप्पट ठेवतो."

"तू बनवलं, तूच झोप तिथं."

मला राग आला. खरं सांगायचं तर राग माझाच मला आला होता, पण तो काढला तिच्यावर. चार लोकांसमोर म्हणालो की विहार हे काय कायमचं राहायचं ठिकाण आहे का. ती पदराने पेटी पुसत राहिली. ते शब्द परत घेता आले असते तर मी आजही घेतले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांदीत छपराजवळ उभा होतो, ते आठ माणसांनी कसं उचलायचं याचा विचार करत. ती मागून आली. माझ्याशी अबोला असेल असं वाटलं होतं, पण तिला अबोला कधीच जमला नाही.

"काहून रे बाबू, बंडीवर धानाचे भारे रचले का तू वरतून गोटे ठेवतं का?"

मी म्हटलं, नाही.

"मंग काय करतं?"

"दोर टाकतो. खाली बंडीले ताणून बांधतो."

"भारे बांधाले अक्कल हाय, आन् घर बांधाले नाही?"

तिने आयुष्यभर बंड्या, म्हणजे बैलगाड्या, भरल्या होत्या. खाचखळग्यांतून धान खळ्यावर पोचवायचं तर वजन कामाचं नाही, ताण लागतो, हे तिला झोपेतही माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण घराचा आणि बंडीचा संबंध माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

मग ती छपरीकडे वळली. वादळाच्या दिवशी अंगणात धान भरताना तिने सगळं पाहिलं होतं. वारा आधी छपरीखाली शिरला, छपरी सुपासारखी वर उचलली गेली, आणि तिच्यामागे अख्खं घर उघडं झालं. मी ऐटीत घराचे आणि छपरीचे पाइप एकसंध केले होते. तीच माझी सगळ्यात मोठी चूक होती.

"छपरी काप," ती म्हणाली. "येगळी उभी कर. वावधनाले न्यायचंच असन तं तिले नेऊ दे. घराले नको."

स्वतःच्या हाताने जोडलेलं कापताना किती जिवावर येतं ते वेल्डरला विचारा. तरी कापलं.

पत्रे पाइपांना आवळायला अड्याळच्या बाजारातून हुकाचे बोल्ट आणले. ओळखीच्या एका इंजिनिअरला फोन करून विचारलं, तर तो हसून म्हणाला की तुमच्या मोठ्या मायचं बरोबर आहे. त्यानेच पुढचं सांगितलं. चारी कोपऱ्यांत खड्डे खोदून जमिनीतून सळ्या वर काढल्या. भिंतींच्या माथ्यावर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा फिरवला आणि सळ्या त्यात अडकवल्या. छप्पर दोन उतारांऐवजी चार उतारांचं केलं, म्हणजे वाऱ्याला धडकायला उभी बाजू मिळत नाही. पाइप पट्ट्याला, पट्टा सळ्यांना, सळ्या जमिनीला. वर एकही गोटा नाही. छपरी समोर वेगळ्या खांबांवर, घरापासून हातभर दूर.

लोक बघायला यायचे. कुणी म्हणायचं, जमिनीला घर बांधून ठेवलं, आता गोठ्यातल्या गाईला दावं उरलं का? पण हसता हसता दोघांनी आपल्या घरालाही तसंच करायचं म्हटलं, मग आणखी चौघांनी. रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, आज तुझ्या बांदीत, उद्या माझ्या बांदीत असं आम्ही जातोच. तसंच केलं. ज्याचं घर त्याच्याकडे जेवण, बाकीचे खड्डे खोदणार. मी सगळ्यांचं वेल्डिंग केलं.

आणि मग काम थांबलं. पुढच्या घरचे म्हणाले, "तुही मोठी माय तं अजून विहारातच रायते. तिलेच भरवसा नाही, तं आमाले कायले सांगतं?"

मी तिला घर दाखवायला नेलं. ती प्रत्येक बोल्टाला हात लावून आली, भिंतीवर थाप मारली, आणि म्हणाली, "चांगलं हाय. एक वावधन येऊ दे." ती पुन्हा विहारात. पावसाळा तसाच गेला, थंडी गेली. मी रोज संध्याकाळी त्या रिकाम्या घरात जाऊन बसायचो. दिवा लावायचो. कुणासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं.

बुद्धपौर्णिमा तीन दिवसांवर आली होती आणि विहाराला रंग देणं चाललं होतं. दुपारी पश्चिमेकडून आभाळ काळं झालं. धुळीचा लोट उठला. मी दुकानाचं शटर ओढलं आणि विहाराकडे पळालो. रंगाऱ्यांची शिडी आडवी पडलेली. कोपऱ्यात पेटी होती, चटई होती. मोठी माय नव्हती.

मी तिच्या घराकडे धावलो. वाटेतच छपरी माझ्यासमोरून उडत गेली, खांबांसकट, आणि त्याच बांदीत जाऊन आदळली. घराचं दार आतून बंद होतं. मी दोन्ही हातांनी दार बडवलं. वाऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. शेवटी धक्क्याने आतली कडी निघाली. ती आत जमिनीवर बसली होती आणि वर पाहत होती. मीही वर पाहिलं. पत्रे थरथरत होते, कुरकुरत होते, पण जागेवर होते.

वारा पडल्यावर मी ओरडलो. "मेली असती तं? विहारात पक्का स्लॅब होता ना! इथं कायले आली?"

"सारे माह्याकडेच पाहून राहिले होते," ती म्हणाली. "मीच तुह्या बनवलेल्या घरात नाही बसली, तं बाकीचे कायले बसतीन?"

वर्षभर मला वाटत होतं की ती माझ्यावर रुसली आहे. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसलो आणि चक्क रडलो. तिने थोडा वेळ रडू दिलं. मग उठून दारातून बांदीकडे पाहिलं, मोडक्या छपरीकडे.

"नेली का तिले? जाऊ दे," ती म्हणाली. "ऊठ. विहारातून माही पेटी आन."