इंदिराबाईंचं अक्षर

वेणीमाधव गर्गे यांनी नाशिकच्या एका कॉलेजात, फिजिक्सच्या लॅबमध्ये पस्तीस वर्षं नोकरी केली आणि त्या काळात एकच गोष्ट हजार वेळा तरी सांगितली असेल. आपलं ते आपल्या फोल्डरमध्ये ठेवा, सगळ्यांचं ते सामाईक फोल्डरमध्ये. पोरं कंटाळायची, पाठीमागे नकला करायची, पण गर्गे सर बधले नाहीत. अशा शिस्तीच्या माणसाचा घात शिस्तीनेच करावा, याला काय म्हणायचं?

लॅबमध्ये आलेख काढणारं एक सॉफ्टवेअर होतं. ते इंग्रजीशिवाय काही लिहीत नसे. निफाडकडचे द्राक्षवाले थंडीच्या दिवसांत रोजच्या किमान तापमानाचा आलेख न्यायला यायचे आणि तो मराठीत हवा म्हणून हटून बसायचे. सरांचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यांची बायको इंदिराबाई मात्र शाळेत चित्रकला शिकवायच्या, आणि फळ्यावरचं त्यांचं अक्षर पुसायला मुलं तयार नसायची. तीस वर्षांपूर्वीच्या एका मे महिन्याच्या सुट्टीत दोघं नवराबायको जेवणाच्या टेबलाशी ठाण मांडून बसले. बाईंनी चौकटीच्या वहीत एकेक अक्षर काढलं आणि प्रत्येक रेघ कुठून कुठे जाते ते चौकोन मोजून सांगितलं. आधी आडवे किती, मग उभे किती. "चौदा, वीस. पेन खाली. चौदा, शून्य. पेन वर." सर टाइप करत गेले.

महिनाभरात सगळी मुळाक्षरं झाली, आणि आलेखांवर 'तारीख' आणि 'तापमान' बाईंच्या अक्षरात उमटायला लागलं. आकड्यांची ती वही पुढे बाईंनीच रद्दीत घातली. कॉम्प्युटरमध्ये आहे ना, मग घरात धूळ कशाला साठवायची, असं त्यांचं म्हणणं.

रिटायर झाल्यावर सरांनी ते सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर आणलं. दर बुधवारी निफाडच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर आलेख जायचा. त्यांच्या फोनमध्ये हवामान सांगणारी दहा ॲप असतील, तरी सरांचा आलेख लागायचाच.

दोन वर्षांपूर्वी इंदिराबाईंची उजवी बाजू लुळी पडली. बोलणं हळूहळू परत आलं, हात आला नाही. पेन्शनच्या कागदावर त्यांना अंगठा द्यावा लागला, त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. त्यांचं अक्षर आता फक्त बुधवारच्या आलेखावर नव्याने उमटत होतं. सर लॅपटॉप पलंगाजवळ नेत, आणि बाई तापमान किती घसरलं ते न वाचता नुसता 'तापमान' हा शब्द बघत बसत.

यंदाच्या डिसेंबरात लॅपटॉप अडून बसला. ऑपरेटिंग सिस्टीम इतकी जुनी झाली होती की तापमानाचे आकडे जिथून यायचे ती साइटच उघडेना. नवी टाकणं भाग होतं. सरांनी आपलं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं, दोनदा तपासलं आणि डिस्क पूर्ण पुसू का, या प्रश्नाला निर्धास्तपणे होय म्हणाले.

मग जुना प्रोग्राम नव्या सिस्टीमवर चालावा म्हणून नव्याने कंपाइल करायला घेतला. चार दिवस ते त्यात गुरफटले होते. एक चूक दुरुस्त केली की तीन नव्या निघत. प्रोग्रामला लागणारी ही लायब्ररी नाही, ती जुनी झाली. पाचव्या दिवशी एकही चूक न दाखवता कंपाइल झालं. सरांनी आलेख काढला. लाल रेघ झोकात खाली उतरली, पण कुठेही एक अक्षर नव्हतं.

काय झालं ते त्यांना लगेच कळलं. अक्षरांची फाइल सामाईक फोल्डरमध्ये होती. घरी वापरणारे ते एकटेच, तरी सवयीने त्यांनी ती तिथेच ठेवली होती. ते फोल्डर सिस्टीमबरोबर पुसलं गेलं. कॉलेजातले जुने कॉम्प्युटर तर कधीच भंगारात गेले होते. फोनमधल्या जुन्या आलेखांवर अक्षरं होती, पण तिळाएवढी. ती मोठी करून, गिरवून बघितली, तर आलं ते सरांचंच अक्षर. शेवटी त्यांनी छापील अक्षरं घालून आलेख ग्रुपवर टाकला आणि बायकोला सांगितलं, अजून चालू झालेलं नाही.

खोटं त्यांना कधी पचलं नव्हतं, ते आत्ता कसं पचणार? दुसऱ्या दिवशी सकाळीच निफाडहून ग्रुपवरच्या धोंडीरामचा फोन आला. सर कानाने जरा अधू, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर.

"सर, आलेखावर छापील कशापायी टाकलं? बाईंचं अक्षर लय मोकळं व्हतं. आमच्या म्हातारीला चष्म्याबिगर कळायचं."

फोन ठेवल्यावर पलंगावरून आवाज आला, "कसलं छापील?"

सरांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "माझ्या हाताने गेलं, इंदिरा."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डाव्या हाताने लॅपटॉपकडे खूण केली. मग म्हणाल्या, "बसा इथे. टाइप करा. 'त' घेऊ."

सरांनी कोरी फाइल उघडली. बाईंनी डोळे मिटले. "चौदा, वीस. पेन खाली. चौदा, शून्य. पेन वर." सरांची बोटं भराभर चालली. तीस वर्षांपूर्वीचीच लय होती, आणि त्यांना वेड्यासारखा आनंद झाला.

"चौदा, अकरा. पेन खाली." बाई थांबल्या. इथून 'त'ची गोलाई सुरू व्हायची. "नऊ... नऊ, बारा? नाही. आधी काय सांगितलं मी?"

"चौदा, अकरा."

"चौदा, अकरा. मग..." लुळा हात चादरीवर तसाच पडून होता. तो वळवून बघता आला असता तर कदाचित आठवलं असतं. "नाही हो आठवत."

सरांनी झालं तेवढं चालवून बघितलं. पडद्यावर एक उभी रेघ आली. त्यांनी लॅपटॉप बाईंकडे वळवला.

"ही तर कुणीही काढेल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

सरांनी लॅपटॉप परत आपल्याकडे ओढला आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. बाईंना पुढचा आकडा आठवेल म्हणून ते तसेच बसून राहिले.